शर्तीचे वतन

मराठी बायबलमध्ये डोंगरावरील प्रवचनातले तिसरे धन्यवचन असे आहे : ‘जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.’ रविवारच्या शाळेत हे वचन पाठ करताना ‘वतन’ या शब्दापाशी मी कधी थांबलो नाही. पुढे वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्याची वेळ आली, तलाठी कार्यालयात खेटे सुरू झाले, आणि तेव्हा कुठे हा शब्द मला नीट ऐकू आला. त्याच्यामागे जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘नहला’ आहे, म्हणजे कुळाच्या वाट्याला आलेली आणि पिढीकडून पिढीकडे जाणारी जमीन. तिच्यासाठी वारसा, हिस्सा, मिळकत असे शब्द मराठीत होतेच. तरीही भाषांतरकारांनी गावगाड्यातला शब्द उचलला, आणि माझ्या मते तो अचूक उचलला.

गावगाड्यात वतन म्हणजे कामाशी बांधलेला हक्क होता. पाटलाने गावचा वसूल आणि बंदोबस्त पाहायचा, कुलकर्ण्याने दप्तर ठेवायचे, आणि त्याबद्दल जमीन व मानपान पिढ्यान्‌पिढ्या भोगायचे. या शब्दाची कडू बाजूही मराठी माणसाला ठाऊक आहे. महार वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात गावाची आणि सरकारची वेठ रात्रंदिवस मानेवर असे, आणि म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले होते. कनिष्ठ गाव वतने कायद्याने मोडायला १९५८ साल उजाडले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचे पणजोबा याच वतनातून आलेले आहेत. त्यांनी जेव्हा पहिल्यांदा बायबल ऐकले तेव्हा त्यांना जी कथा ऐकू आली, ती मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, विटा पाडण्याच्या वेठीला जुंपलेल्या लोकांची होती. त्यांना देवाने सोडवले आणि वेठीशिवायचे वतन दिले. ही कथा त्यांना परकी वाटली नसणार.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. बायबलमधले वतन हे शर्तीचे वतन आहे, आणि त्याची शर्त आहे देवाच्या आज्ञेचे पालन. परक्या दैवतांच्या मागे न जाणे हा त्या शर्तीचा भाग आहेच. पण त्या आज्ञेचा फार मोठा भाग जमीन कशी धरावी, किती काळ धरावी, तिच्यातले काय कोणासाठी सोडावे आणि वाटणीतून कोणाला वगळू नये, याच्याविषयी आहे. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये अभिवचने मोठ्या आवाजात वाचली जातात, ‘परमेश्वराने हा देश तुला दिला आहे’ या ओळीवर प्लॉटसाठी आणि घरासाठी प्रार्थना होतात, आणि त्याच पानावरची शर्त मात्र बहुधा न वाचताच पान उलटले जाते.

शर्तीची जमीन म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग दोन’ असा शेरा असला की ती जमीन कसायची, तिच्यावर पोट भरायचे, मुलांना द्यायची. परंतु सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकायची नाही. विकली तर शर्तभंग होतो, आणि शर्तभंग झाला की जमीन सरकारजमा होऊ शकते. मोडलेल्या वतनांच्या ज्या जमिनी जुन्या वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या, त्यांच्यावरही अशीच शर्त आली. आता बायबलमधल्या लेवीय ग्रंथाचा २५वा अध्याय वाचावा. तिथे देव सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ राहायला आलेले परके आहात. पेशवाईतल्या महसुली भाषेत बोलायचे तर या वचनात मिरासदार, म्हणजे जमिनीचा कायम हक्काचा धनी, एकटा देव आहे. इस्राएलच्या बारा वंशांतला प्रत्येक जण, अगदी राजासुद्धा, उपरी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आहे. बायबलच्या दृष्टीने वर्ग एकची, म्हणजे बिनशर्तीची, जमीन पृथ्वीवर कोणाकडेच नाही.

हाच विचार आपल्या मातीतही उमटलेला आहे. गागोद्यात जन्मलेले विनोबा १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी जमीन मागायला उभे राहिले, आणि पुढे गावोगाव ‘सबै भूमि गोपाल की’ म्हणत फिरताना ते जमीनदाराला म्हणत, तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा दे. ते भीक मागत नव्हते, वारसाहक्काने वाटा मागत होते. आणि भूमिहीनाला वारस मानण्याची ही रीत लेवीय ग्रंथाच्या फार जवळची आहे.

त्या अध्यायातला तपशील सावकाश वाचण्यासारखा आहे. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. सात वेळा सात वर्षे झाल्यानंतर, म्हणजे पन्नासाव्या वर्षी, प्रायश्चित्ताच्या दिवशी रणशिंग फुंकून योबेल वर्ष जाहीर करायचे, आणि त्या वर्षी अडचणीपोटी विकलेली प्रत्येक जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. म्हणून व्यवहाराच्या वेळी किंमत ठरवायची ती पुढच्या योबेलापर्यंत किती पिके निघतील त्या हिशेबाने : वर्षे जास्त उरली असतील तर किंमत जास्त, कमी उरली असतील तर कमी, कारण विकणारा जमीन विकत नसून पिकांची संख्या विकत आहे, असे तो ग्रंथ स्पष्ट म्हणतो. तटबंदीच्या शहरातले घर विकले तर ते सोडवून घ्यायला एक वर्षाची मुदत आहे, ती टळली की घर कायमचे गेले. परंतु खेड्यातले घर शेताबरोबर मोजायचे आणि तेही योबेलात परत द्यायचे. मला हा बारकावा फार मोलाचा वाटतो. शहरातले घर ही संपत्ती आहे, ती हातोहात फिरली तरी चालेल. शेत आणि शेतावरचे घर ही उपजीविका आहे, आणि एका पिढीच्या संकटामुळे पुढच्या सगळ्या पिढ्या उपाशी राहाव्यात हे देवाला मान्य नाही. कर्ज बुडवावे असे हा कायदा म्हणत नाही. बापाच्या कर्जाची किंमत नातवाच्या जन्मापर्यंत लांबू नये, एवढे तो पाहतो.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या ६व्या अध्यायात याच शर्तीची मानसिक बाजू आहे. तू न बांधलेली घरे, तू न खणलेल्या विहिरी आणि तू न लावलेले द्राक्षमळे तुला मिळतील, तेव्हा देणाऱ्याला विसरू नकोस, असे इस्राएलाचा पुढारी मोशे लोकांना बजावतो. नवव्या अध्यायात तर तो पुन्हा पुन्हा सांगतो की हा देश तुम्हाला तुमच्या धार्मिकपणामुळे मिळत नाही, तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. वारसाहक्काने काही मिळालेल्या प्रत्येक माणसाला लागू पडेल असे हे वाक्य आहे. आमच्या शेतातली विहीर १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी खणली. माझा तिच्यावर हक्क आहे तो केवळ त्यांच्या घरी जन्मलो म्हणून.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या देशाचे हे वतन झाले तिथे आधी कनानी लोक राहत होते, आणि यहोशवाच्या ग्रंथात त्यांच्या संहाराची वर्णने आहेत. ती वाचताना माझे मन घट्ट होत नाही, आणि ती वाचून कोणाचेही मन घट्ट होऊ नये असे मला वाटते. परंतु त्या पानांवरून जो निष्कर्ष पुढच्या काळात बळकट लोकांनी काढला, तो बायबलच खोडून काढते. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर वसाहतकारांपैकी अनेकांनी स्वतःला नवे इस्राएल मानले, आणि १९१३ च्या जमीन कायद्याने तिथल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी देशातली सुमारे सात टक्के जमीन राखून ठेवली. आजही पॅलेस्टाइनच्या भूमीचा प्रश्न निघाला की आपल्याकडचे काही उपदेशक ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या १५व्या अध्यायातल्या, मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंतच्या सीमा वाचून दाखवतात आणि जणू दस्त नोंदवला गेला अशा थाटात पुस्तक मिटतात. त्यांनी अनुवादाचा दुसरा अध्यायही वाचावा. तिथे देव इस्राएलाला ताकीद देतो की एसावाच्या वंशजांच्या देशातली पाऊल ठेवण्याएवढीही जमीन मी तुम्हाला देणार नाही, मवाब आणि अम्मोन यांच्या वाटेला जाऊ नका, कारण त्यांचे वतन त्यांना मीच दिले आहे. आमोस संदेष्टा तर विचारतो की मी जसे इस्राएलाला मिसरातून आणले तसेच पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीराहून आणले नाही काय? आणि बंदिवासात बसून नव्या वाटणीचा नकाशा काढणारा यहेज्केल संदेष्टा सांगतो की तुमच्यात राहून ज्यांना मुले झाली आहेत अशा परदेशीयांनाही तुमच्याबरोबर वतन द्या, ज्या वंशात तो राहतो त्या वंशात त्याचा वाटा पडेल. अभिवचन वाचायचे तर इथपर्यंत वाचले पाहिजे.

शिवाय कनान्यांना लावलेला न्याय इस्राएललाही लावला गेला. तुमच्या आधीच्या लोकांना या भूमीने जसे ओकून टाकले तसे तुम्हालाही ओकून टाकील, हे शब्द लेवीय ग्रंथात इस्राएललाच उद्देशून आहेत. आणि तसेच झाले. बायबलमधल्या इतिहासाच्या ग्रंथांत योबेल वर्ष प्रत्यक्ष पाळल्याची एकही नोंद सापडत नाही. उलट यशयाच्या ५व्या अध्यायात घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांना, दुसऱ्या कोणाला जागाच उरू नये इतके जोडणाऱ्यांना, हाय हाय ऐकू येते, आणि मीखा अंथरुणात पडल्या पडल्या दुसऱ्याचे शेत लाटण्याचे बेत करणाऱ्यांविषयी बोलतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले, लोक बंदिवान होऊन गेले, आणि इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस लिहिले आहे की भूमी ओस पडून राहिली तेवढा काळ तिने आपले शब्बाथ भोगले, सत्तर वर्षे भरेपर्यंत. जी विश्रांती लोकांनी जमिनीला दिली नाही ती तिने त्यांना बाहेर काढून घेतली. याहून स्पष्ट शर्तभंगाची नोंद कोणत्या फेरफारात सापडेल?

परंतु आज्ञाभंग प्रत्यक्षात कसा घडतो हे पाहायचे असेल तर मोठ्या घटनांपेक्षा नाबोथाचा द्राक्षमळा पाहावा. इस्राएलचा राजा अहाब याला वाड्याशेजारचा तो मळा भाजीपाल्यासाठी हवा होता. त्याने जुलूम केला नाही. त्याने नाबोथाला त्याहून चांगला मळा, नाहीतर रोख किंमत देऊ केली. बाजारभावाने पाहिले तर प्रस्ताव सभ्य होता. नाबोथ म्हणाला की वाडवडिलांचे वतन मी तुम्हाला देणे परमेश्वर माझ्या हातून न घडवो. त्याच्या नकारात हट्ट नव्हता, आज्ञापालन होते. मळा त्याचा एकट्याचा नव्हता, आधीच्यांचा आणि नंतरच्यांचा होता. अहाब तोंड फिरवून पलंगावर पडून राहिला आणि जेवेना. मग त्याची राणी ईजबेल हिने काय केले? राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठवली, गावच्या वडीलजनांकडून उपासाचा दिवस जाहीर करवला, कायद्याला लागतात तसे दोन साक्षीदार उभे केले, रीतसर खटला चालवला आणि शिक्षेची अंमलबजावणी केली. मोहर, सभा, साक्ष, निकाल, सगळे जागच्या जागी होते. एलीया संदेष्टा मळ्यात जाऊन अहाबाला विचारतो की तू खून केलास आणि वर ताबाही घेतलास काय? कागद रीतसर असणे आणि कृत्य न्याय्य असणे यांतले अंतर त्या एका प्रश्नात आहे.

मला हा प्रश्न आपल्या घरांत आणायचा आहे. वडील वारल्यानंतर आम्ही तिघे भावंडे दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. आई आधीच गेली होती. सव्वादोन एकर जमीन, दोन भाऊ, एक मोठी बहीण. ताई पहाटेच्या एसटीने आली होती, डब्यात आमच्यासाठी धपाटे बांधून. हक्कसोडपत्र तयारच होते. दस्तलेखकाने ‘कोणत्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने, विनामोबदला’ हे शब्द एका दमात वाचून दाखवले, ताईने मान हलवली, कॅमेऱ्यात बघून फोटो दिला, यंत्रावर अंगठा ठेवला. भांडी घासून रेषा झिजलेल्या त्या अंगठ्याचा ठसा तीन वेळा उमटेना. चौथ्या वेळी उमटला. संध्याकाळी आम्ही तिला साडी घेतली आणि बसमध्ये बसवून दिले. त्या रविवारी उपदेशाचा विषय योगायोगाने ‘आमचे स्वर्गीय वतन’ असा होता, आणि मी पहिल्या बाकावर बसून आमेन म्हणत होतो.

कायदा या बाबतीत ख्रिस्ती बहिणीच्या विरुद्ध नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. केरळात त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथाई किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळत असे. मेरी रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि १९८६ च्या निकालाने तो भेद संपवला. त्या निकालाला चर्चच्या वर्तुळातूनही विरोध झाला, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याने मुलगा-मुलगी भेद न करता संततीचा वाटा राखून ठेवला आहे, आणि तो मृत्युपत्रानेही सहज हिरावता येत नाही. महाराष्ट्रात कायदा आहे आणि त्याच्या शेजारीच हक्कसोडपत्राची रीत आहे. हिंदू घरांत आहे तशी आमच्याही घरांत आहे. बहीण राजीखुशीने सही करते असे आपण म्हणतो. वाटा मागितला तर माहेरची वाट बंद होईल हे जिला पक्के ठाऊक आहे, तिच्या सहीला राजीखुशी म्हणावे का, हे ज्याने त्याने आपल्या बहिणीचा चेहरा आठवून ठरवावे. लग्नात दिले-घेतले त्यात वाटा आला, हे उत्तर मी स्वतःही दिले आहे. धपाट्यांचा डबा घेऊन आलेल्या बाईला ते लागू पडत नाही.

शास्त्राचा आधार घेऊन असेही सांगितले जाते की सलाफहादाच्या मुलींना वतन मिळाले ते त्यांना भाऊ नव्हता म्हणून; भाऊ असता तर मिळाले नसते. हे खरे आहे. मोशेच्या नियमशास्त्रात मुलगा पहिला आहे आणि थोरल्याचा वाटा दुप्पट आहे. ते झाकून ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. पण ‘गणना’ या ग्रंथाच्या २७व्या अध्यायात काय घडले ते पाहू. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या. नुकतीच शिरगणती झाली होती, सहा लाख एक हजार सातशे तीस पुरुष मोजले गेले होते, आणि त्या मोजणीवर जमीन वाटली जाणार होती. या पाचजणी त्या आकड्यात नव्हत्या. आमच्या बापाला मुलगा नव्हता एवढ्यासाठी त्याचे नाव कुळातून का जावे, आम्हाला वतन द्या, असे त्या म्हणाल्या. मोशेने त्यांना नियम वाचून दाखवून परत पाठवले नाही. त्याने त्यांचे प्रकरण देवासमोर नेले, आणि देव म्हणाला की सलाफहादाच्या मुली बरोबर बोलतात. मग त्यांच्यासाठी नियम बदलला. पुढे कुळाच्या वडिलांनी तक्रार केली तेव्हा आपल्याच वंशात लग्न करण्याची अट त्यांच्यावर आली, हेही खरे. पण दिलेले वतन काढून घेतले गेले नाही. आणि यहोशवाच्या १७व्या अध्यायात त्या पुन्हा उभ्या दिसतात, या वेळी यहोशवासमोर, मोशेला झालेल्या आज्ञेची आठवण देत. हुकूम झाला होता, अंमल झाला नव्हता! ज्याने एखाद्या फेरफार नोंदीसाठी कचेरीची पायरी झिजवली आहे त्याला त्या दुसऱ्या फेरीचा अर्थ सांगायला नको.

मला यातून जे दिसते ते असे. देवाची आज्ञा पाळणे म्हणजे नियमाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबणे असते, तर मोशेने त्या दिवशी ते केले असते. नियमातून कोण वगळले गेले आहे हे त्याला त्या पाचजणींनी दाखवले, आणि त्याने ऐकले. बायबलमध्ये मुलींच्या वतनाच्या आणखी खुणा आहेत. कालेबाने मुलगी अखसा हिला नेगेबात जमीन दिली, तेव्हा ती गाढवावरून उतरून म्हणाली की कोरडी जमीन दिलीत तर पाण्याचे झरेही द्या, आणि कालेबाने वरचे झरे दिले आणि खालचेही दिले. ईयोबाने सात मुलगे असतानाही आपल्या तिन्ही मुलींना भावांच्या बरोबरीने वतन दिले. तिथे ‘भाऊ नव्हता’ ही सबब उरत नाही. आणि पौल गलतीकरांना लिहितो की ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद नाही. आपण हे वचन नेहमी इथेच थांबवतो. त्याच्या लगेच पुढच्या ओळीत तो म्हणतो की तुम्ही अभिवचनानुसार वारस आहात. तो समतेविषयी मोघम बोलत नव्हता, वारसाहक्काविषयीच बोलत होता. स्वर्गातल्या अक्षय वतनात बहिणीचा वाटा आपल्याइतकाच आहे असे ज्याचा विश्वास त्याला सांगतो, त्याने तिला गावच्या तीस गुंठ्यांतून कोणत्या शास्त्राधारे वगळावे?

नवा करार आल्यावर जमिनीचे हे सगळे बोलणे आत्मिक झाले, आता त्याचा शेताशी संबंध नाही, असे म्हणणारेही आहेत. लूकाच्या १२व्या अध्यायात एक जण येशूला म्हणतो की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, आणि येशू नकार देतो, हा दाखला ते देतात. येशूने तिथे वाटणी करणारा पंच होण्याचे नाकारले. पण पुढच्याच वाक्यात सर्व प्रकारच्या लोभापासून सावध राहा असे बजावले, आणि कोठारे मोडून मोठी कोठारे बांधणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. वाटणीत लोभ कोणाचा असतो? ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याचाही असतोच. नासरेथच्या सभास्थानात त्याच येशूने यशयाची गुंडाळी उघडून परमेश्वराच्या प्रसादाचे वर्ष जाहीर केले, म्हणजे योबेलाचीच भाषा उच्चारली. जकातदार जक्कयाच्या घरी तारण आले तेव्हा त्याने अर्धे धन गरिबांना आणि लुबाडलेल्याच्या चौपट परत देण्याचा हिशेब मांडला. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले. आत्मिक झाल्यावर शर्त सैल झालेली दिसत नाही, ती अधिक कडक झालेली दिसते.

हाच मापदंड मंडळीच्या सामाईक जमिनीलाही लागतो, म्हणून दोन वाक्ये त्याविषयी. मिशनच्या काळात शाळा, वसतिगृहे आणि दवाखान्यांसाठी मिळालेल्या जमिनी आज शहरांच्या मध्यभागी आल्या आहेत, आणि विश्वस्तांना त्या विकायच्या असतील तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परंतु परवानगीचा कागद आहे का हा अहाबाचा प्रश्न झाला, ज्या गरीब मुलांसाठी ती जमीन दिली गेली त्यांचा वाटा कुठे गेला हा एलीयाचा.

शर्तभंग झाला म्हणजे सगळे संपले, असे मात्र बायबल म्हणत नाही. खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या, सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता, आणि देश हातचा जाणार हे वर्षानुवर्षे सांगणारा संदेष्टा यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल आला आणि म्हणाला की अनाथोथातले माझे शेत विकत घे, सोडवण्याचा हक्क तुझा आहे. ते गाव शत्रूच्या ताब्यात गेलेले. कोणताही शहाणा माणूस असा व्यवहार करणार नाही. यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तागडीत तोलून दिले, खत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, मोहरबंद प्रत आणि उघडी प्रत अशा दोन्ही आपला लेखनिक बारुख याच्या हाती दिल्या आणि त्या मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. आज्ञा मोडल्याची शिक्षा भोगत असतानाही आज्ञेप्रमाणे नातेवाइकाचे शेत सोडवून घेणारा हा माणूस मला नाबोथाइतकाच मोठा वाटतो. उशीर झाला असला तरी दस्त बरोबर करता येतो.

आमच्या घरी धाकट्या भावाला पटायला आठ महिने लागले. ताईने सुरुवातीला नकोच म्हटले. लोक काय म्हणतील, भावजया काय म्हणतील, हे आधी. मग आम्ही दोघांनी आपापल्या वाट्यातले पंधरा-पंधरा गुंठे तिला बक्षीसपत्राने द्यायचे ठरवले. मुद्रांकाचा खर्च हक्कसोडपत्राच्या मानाने बराच जास्त आला. मसुदा वाचून झाल्यावर ताई पहिल्यांदाच बोलली, “विहिरीतली माझी पाळी यात कुठे आहे?” १९७२ साली ती बारा वर्षांची होती, आणि त्या विहिरीचा मुरूम तिने पाटीने वाहिला होता, मी तेव्हा काठावर बसून बघत होतो. दस्तलेखकाने मसुदा परत घेतला आणि कलम वाढवले : सामाईक विहिरीत एक तृतीयांश हिस्सा, पाण्याची पाळी सोमवार व मंगळवार थोरल्या भावाची, बुधवार व गुरुवार धाकट्याची, शुक्रवार व शनिवार बहिणीची, रविवारी मोटार बंद.